तुमची शाळा कुठल्या गटात?

फेब्रुवारी उजाडला की आपल्या घरोघरी चित्र ठरलेलं असतं. संक्रांतीच्या डब्याच्या तळाशी उरलेला तिळगूळ मुलं 'नको' म्हणत असतात आणि मोठी माणसं टॅक्सचे कागद शोधत असतात. नेमक्या त्याच सुमारास, दर सम वर्षी, टेक्ससमधल्या शेकडो हायस्कूलांचे कोच आणि अ‍ॅथलेटिक डायरेक्टर मात्र एसएससीच्या निकालाची वाट बघावी तसे श्वास रोखून बसलेले असतात. निकाल असतो तो आपली शाळा पुढची दोन वर्षं कुठल्या वर्गात, कुठल्या गटात आणि कुणाकुणाशी खेळणार याचा. इथल्या भाषेत याला म्हणतात रीअलाइनमेंट. आपण सोयीसाठी शाळांची फेरमांडणी म्हणू.

हा विषय कुठल्याही मराठी पार्टीत काढून बघा. पुरुषमंडळी पाच मिनिटांत घरांच्या किमतींवर येतात, बायका पुढच्या नाटकाच्या तिकिटांवर, आणि कुणीतरी निकाल देऊन टाकतं, "अहो, ती फुटबॉलवाल्यांची भानगड आहे, आपल्याला काय त्याचं?" आमचं म्हणणं असं की आपल्याला त्याचं बरंच काही आहे. आम्ही पेशाने इंजिनीअर. मास्टर्स करायला म्हणून टेक्ससला आलो आणि इथेच रुजलो. दोन मुलं इथल्याच शाळांतून वाढली. एक टेनिसमध्ये, दुसरा बँडमध्ये. त्या निमित्ताने या फेरमांडणीचं गणित आम्ही गेली काही वर्षं जवळून बघतो आहोत. ते आपल्या मंडळींपुढे मांडावं, एवढाच या लेखाचा हेतू.

वादविवादातून फुटबॉलकडे

टेक्ससमधल्या सरकारी शाळांच्या सगळ्या आंतरशालेय स्पर्धा युनिव्हर्सिटी इंटरस्कोलॅस्टिक लीग, म्हणजे यूआयएल ही संस्था चालवते. नावात युनिव्हर्सिटी आहे, कारण तिचा जन्म ऑस्टिनच्या युनिव्हर्सिटी ऑफ टेक्ससमध्ये झाला. साल १९१०. आणि गंमत बघा, सुरुवात फुटबॉलने झाली नाही, ती झाली वादविवाद स्पर्धेने! खेळ नंतर येऊन मिळाले आणि १९१३ साली आजचं नाव पडलं. त्यामुळे आजही यूआयएलच्या छत्राखाली फुटबॉल, व्हॉलीबॉल, टेनिस यांच्या जोडीला गणित, विज्ञान, स्पेलिंग, वादविवाद, बँड, ऑर्केस्ट्रा आणि चक्क एकांकिका स्पर्धाही आहेत. एकांकिकेला ४० मिनिटांची मर्यादा असते आणि ती ओलांडली तर संघ बाद. पुण्याचा पुरुषोत्तम करंडक ज्यांनी पाहिला आहे किंवा ज्यांनी त्यात पडदे ओढले आहेत, त्यांना तिथलं वातावरण बघून घरी आल्यासारखं वाटेल. 'नंबर सेन्स' नावाची एक परीक्षा तर आपल्या पाढेवाल्या आजोबांना फारच आवडली असती. १० मिनिटांत ८० गणितं, सगळी तोंडी, कागदावर कच्चं काम केलेलं चालत नाही!

मुद्दा असा की फेरमांडणीत शाळेचा वर्ग बदलला की तो नुसता फुटबॉलचा बदलत नाही. गणिताच्या संघासमोर कोण येणार, बँड कुठल्या शाळांच्या तोडीस तोड उभा राहणार, एकांकिका कुणाविरुद्ध होणार, हे सगळं त्या वर्गावर ठरतं. म्हणजे आपल्या मुलांच्या खास आवडीच्या गोष्टीही त्याच चाळणीतून जातात.

या इतिहासाचं एक काळं पानही आहे. कुठली शाळा कुठे बसते, हे या राज्यात फार वर्षं मुलांच्या कातडीच्या रंगावरून ठरत होतं. कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांना यूआयएलमध्ये जागा नव्हती. त्यांची वेगळी लीग १९२० साली निघाली आणि पुढे प्रेअरी व्ह्यू लीग म्हणून ओळखली गेली. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात दारं उघडायला लागली आणि १९७० मध्ये ती वेगळी लीग इतिहासजमा झाली. आपण सगळे त्यानंतर आलो. आपली मुलं आज ज्या मैदानावर बिनदिक्कत उतरतात, ते मैदान सर्वांसाठी उघडं करायला दुसऱ्या कुणीतरी किंमत मोजलेली आहे, हे लक्षात ठेवलेलं बरं.

मोजणीचं गणित

आता हिशेब कसा चालतो ते पाहू. दर ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारी टेक्ससमधल्या शाळांची पटसंख्या मोजली जाते. त्याला 'स्नॅपशॉट' म्हणतात, म्हणजे त्या दिवशीचा फोटोच. विषम वर्षाच्या ऑक्टोबरातला हा आकडा यूआयएलकडे जातो आणि त्यावरून पुढच्या फेब्रुवारीत शाळांचे सहा वर्ग पाडले जातात. सर्वांत लहान शाळा १ए मध्ये, सर्वांत मोठ्या ६ए मध्ये. ही सहा वर्गांची रचना २०१४ पासूनची. ६ए मध्ये बसायला २०१४ साली २,१०० विद्यार्थी लागत होते, २०२२ साली २,२२५ आणि २०२४ साली २,२७५. म्हणजे रेषा दर वेळी नव्याने आखली जाते. पाच-दहा मुलं इकडची तिकडे झाली तर अख्खी शाळा एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जाते. वरच्या वर्गात खेळायची परवानगी शाळेला मागता येते, पण खालच्या वर्गात उतरायची मात्र सोय नाही.

वर्ग ठरला की मग नकाशा समोर घेऊन जवळपासच्या शाळांचे गट पाडतात. यांना इथे 'डिस्ट्रिक्ट' म्हणतात, पण आपला गोंधळ होऊ नये म्हणून आपण गटच म्हणू, कारण स्कूल डिस्ट्रिक्ट ही वेगळी चीज आहे. ६ए मध्ये असे ३२ गट असतात. बहुतेक सांघिक खेळांत प्रत्येक गटातले पहिले चार संघ पुढे प्लेऑफमध्ये जातात. म्हणून तर सगळा जीव या यादीत अडकलेला असतो! गट सोपा आला तर साधारण संघही चौथा येऊन पुढे जातो आणि गटात राज्यातले दोन-तीन दादा संघ येऊन बसले तर चांगला संघही पाचवा येऊन घरी बसतो. यादी जाहीर होते त्या सकाळी कोच मंडळी ठिकठिकाणी एकत्र जमलेली असतात. यादी हातात पडली की पहिली पाच मिनिटं शांतता. मग जी फोनाफोनी सुरू होते ती थेट लग्नसराईतल्या कार्यालयाच्या बुकिंगसारखी. गटाबाहेरचे सामने कुणाशी, कुठल्या शुक्रवारी, याचे सौदे तिथल्या तिथे होतात.

अगदी लहान गावांचाही विचार यात आहे. ज्या शाळेत १०० च्या आसपास किंवा त्याहून कमी मुलं, तिथे अकरा जणांचा फुटबॉल संघ आणायचा कुठून? म्हणून १ए मध्ये सहा जणांचा फुटबॉल खेळतात. हा खेळ १९३४ साली नेब्रास्कात निघाला. मैदानही लहान, ८० यार्ड लांब आणि ४० यार्ड रुंद. हाफटाइमला किंवा त्यानंतर एखाद्या संघाची आघाडी ४५ गुणांची झाली की सामना तिथेच थांबवतात, पुढची शोभा नको म्हणून.

आपल्याकडे काय होतं?

आपण महाराष्ट्रात शिकलो तेव्हा शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी चढत. वाटणी होत असे ती वयावर, १४ वर्षांखालील, १७ वर्षांखालील, १९ वर्षांखालील. शाळा केवढी, हा प्रश्न कुणी विचारत नसे. वाडीवरच्या दीडशे मुलांच्या शाळेचा कबड्डी संघ जिल्ह्याच्या मोठ्या हायस्कूलसमोर उभा राही आणि जिंकला तर त्याची गावात मिरवणूक निघे. त्यात रग होती, पण न्याय होता का? बहुतेक वेळा लहान शाळा पहिल्याच फेरीत गारद होत. टेक्ससने वयाऐवजी शाळेचा आकार धरला. दोन्हींत आपापलं शहाणपण आहे. आपल्या पद्धतीत असामान्य मूल चमकून जातं, इथल्या पद्धतीत सामान्य मुलालाही संघात जागा आणि जिंकायची आशा मिळते. आम्हाला विचाराल तर पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांसाठी दुसरी गोष्ट जास्त मोलाची आहे.

सगळ्या अमेरिकेत टेक्ससचीच पद्धत आहे असं मात्र नाही. इलिनॉयमधल्या आमच्या मित्रांकडे कथा वेगळी. तिथे वर्ग राज्याची संघटना पाडते, पण रोजच्या सामन्यांच्या कॉन्फरन्स शाळा आपापसात जमवतात. म्हणजे प्रेमविवाह! आणि प्रेमविवाह म्हटला की घटस्फोटही आलाच. २०१८ साली व्हीटनच्या दोन शाळा जुनी ड्यूपेज व्हॅली कॉन्फरन्स सोडून नव्या ड्यूकेन कॉन्फरन्समध्ये गेल्या. नेपरव्हिलच्या शाळा जुन्या घरातच राहिल्या. तिथल्या त्या वेळच्या नियमाप्रमाणे नऊपैकी साधारण पाच सामने जिंकल्याशिवाय फुटबॉल प्लेऑफचा विचारच होत नसे. तेव्हा जिथे पाच विजय मिळतील तिथे जाऊ, असा मोह शाळांना होणारच. या पळापळीला कंटाळून डिसेंबर २०१८ मध्ये तिथल्या शाळांनी मतदान करून टेक्सससारखे गट पाडायचं ठरवलं, आणि वर्षभराने, डिसेंबर २०१९ मध्ये, पुन्हा मतदान करून तो निर्णय फिरवला. ठरवून दिलेलं स्थळ नको आणि स्वतः जमवलेलं टिकत नाही, हा पेच आपल्या लोकांना नव्याने समजावून सांगायला नको.

दोन गावं, दोन वाटा

डॅलसच्या उत्तरेला आपली मराठी माणसं मोठ्या संख्येने राहतात. तिथे शेजारी शेजारी असलेल्या दोन गावांनी या गणिताची दोन अगदी उलटी उत्तरं काढली आहेत.

पहिलं गाव अ‍ॅलन. गाव वाढत गेलं, तरी हायस्कूल एकच ठेवलं. सहा हजारांहून अधिक मुलांची ती शाळा राज्यातल्या सर्वांत मोठ्या शाळांत गणली जाते. २०१२ साली त्यांनी ६ कोटी डॉलर खर्चून १८ हजार आसनांचं स्टेडियम बांधलं. २०१४ मध्ये काँक्रीटला तडे गेले म्हणून ते बंद ठेवावं लागलं आणि दुरुस्तीनंतर २०१५ मध्ये पुन्हा उघडलं. त्याच काळात, २०१२ ते २०१४, अ‍ॅलनचा संघ सलग तीन वर्षं राज्यविजेता होता. त्यांचा तेव्हाचा क्वार्टरबॅक कायलर मरी पुढे २०१९ साली एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. एक गाव, एक शाळा, एक झेंडा. शुक्रवारी रात्री अख्खं गाव एका ठिकाणी. गणपतीत एकच मोठा सार्वजनिक गणपती असावा तसं.

दुसरं गाव फ्रिस्को. २००३ पर्यंत तिथेही एकच हायस्कूल होतं. २०२२ पर्यंत ती संख्या १२ झाली. स्कूल डिस्ट्रिक्टने ठरवूनच शाळा लहान ठेवल्या. एकेका हायस्कूलचा आराखडा साधारण २,१०० मुलांचा. त्यामुळे फ्रिस्कोच्या शाळा वर्षानुवर्षं ६ए च्या एक पायरी खाली, ५ए मध्ये खेळत आल्या. त्यातल्या बऱ्याच शाळा एकाच गटात येतात, म्हणजे बस फार लांब न्यावी लागत नाही, रस्त्यापलीकडच्या शाळेशी सामना. प्रत्येक शाळेला वेगळं मोठं स्टेडियम बांधण्याऐवजी मैदानं वाटून वापरली जातात. २०१६ मध्ये डॅलस काउबॉइजच्या मुख्यालयात बांधलेलं १२ हजार आसनांचं बंदिस्त फोर्ड सेंटरही गावाच्या शाळा वापरतात.

इंजिनीअरच्या सवयीने आम्ही पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. व्हॉलीबॉलच्या व्हर्सिटी संघात साधारण डझनभर मुली धरा. एकच शाळा असेल तर गावातल्या १२ मुली खेळणार. बारा शाळा असतील तर १४४. ऑर्केस्ट्रात पहिल्या खुर्चीवर बसणारी व्हायोलिनवादक एका शाळेत एक, बारा शाळांत बारा. गणिताच्या संघाला तर प्रत्येक शाळेतून मोजकीच मुलं पाठवता येतात. तिथे तर हा गुणाकार फारच ठळक दिसतो. लहान शाळा म्हणजे जास्त दारं.

पण त्याची किंमतही असते. प्रत्येक नवी शाळा उघडली की हद्दी नव्याने आखल्या जातात. गल्लीतलं डावीकडचं घर एका शाळेत आणि उजवीकडचं दुसऱ्या. शिवाय नव्या वस्तीचं वय वाढलं, घरातली मुलं मोठी होऊन बाहेर पडली की पट उतरायला लागतो. फ्रिस्कोत ती वेळ आलेली दिसते. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या बोर्डाने एक जुनं मिडल स्कूल बंद करायचा निर्णय घेतला. वीस वर्षं नुसत्या शाळा उघडणाऱ्या गावाला शाळा बंद करायची पाळी यावी, हे सगळ्यांनाच नवीन होतं.

अंतराचं काय?

डॅलसचं हे चित्र बघून अख्खं टेक्सस असंच असेल असं समजू नका. पश्चिम टेक्ससमध्ये मोठ्या शाळा कमी आणि मधलं माळरान अफाट. सॅन अँजेलोच्या मुलांना मिडलंडला सामन्याला जायचं तर शंभर मैलांवर प्रवास, आणि हे गटातलेच 'शेजारी'. एल पासोची शाळा प्लेऑफमध्ये मिडलंड-ओडेसाकडच्या शाळेसमोर आली की ३०० मैल आणि घड्याळही एक तास पुढे. एल पासोहून डॅलस तर ६०० मैलांच्या वर, म्हणजे मुंबई ते नागपूरहून जास्त. मंगळवारी रात्रीचा व्हॉलीबॉलचा सामना आटोपून मुली मध्यरात्रीनंतर घरी येतात आणि बुधवारी सकाळी केमिस्ट्रीचा पेपर देतात. तेव्हा नकाशावर रेघ कुठे पडली, हा प्रश्न तिथे हौसेचा राहत नाही. तो झोपेचा, अभ्यासाचा आणि सुरक्षित ड्रायव्हिंगचा होतो.

यादी पटली नाही तर दाद मागता येते. एका गटातून दुसऱ्यात जायचं असेल तर दोन्ही गटांतल्या सगळ्या शाळांची एकमुखी संमती लागते. ती नाही मिळाली तर यूआयएलच्या समितीपुढे अपील. पण त्या अपिलात प्रवासाचे मैल आणि बुडणारे तास मांडायचे, तर ते आधी कुणीतरी टिपून ठेवलेले हवेत. हे काम पालकच करू शकतात.

आपली मुलं मोजली जातात

आता या लेखाचा गाभा. त्या ऑक्टोबरच्या शुक्रवारी शाळेत जेवढी मुलं, तेवढी मोजली जातात. सहा फूट चार इंचाचा लाइनमन एक आणि आमची पाच फुटांची टेनिस खेळणारी मुलगीही एकच. आपल्या लोकांनी चांगल्या शाळा बघून एका भागात घरं घेतली की त्या शाळेचा पट फुगतो, ती वरच्या वर्गात चढते. पण वाढलेल्या मुलांपैकी फुटबॉलच्या मैदानावर उतरणारी मात्र थोडी. मग पट मोठ्या शाळेचा आणि संघ लहान शाळेचा, अशी अवस्था होते. संघ शुक्रवारमागून शुक्रवार हरतो.

मग गावात कुजबुज सुरू होते. आम्ही ती कानांनी ऐकली आहे. आमच्या मुलाचा बँड हाफटाइमला वाजवणार म्हणून आम्ही उभयता स्टेडियमवर बसलो होतो. पुढच्या ओळीतले एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, "शाळेत मुलं तर खच्चून भरली आहेत, पण खेळायला कुणी येत नाही. सगळे ट्यूशनला." बोलण्यात फार विखार नव्हता, हळहळ होती. पण 'सगळे' म्हणजे कोण, हे आम्हाला कळलं आणि आम्ही मागे बसलो आहोत हे त्यांना कळलं नव्हतं. दोन मिनिटांनी बँड मैदानात आला. शंभरेक मुलं, त्यात आपली किती! सप्टेंबरच्या टेक्ससच्या उन्हात ऑगस्टपासून रोज घाम गाळून बसवलेली कवायत. ढोल-ताशा पथकात नाचलेल्या माणसाला त्या मेहनतीची जात ओळखता येते. त्या गृहस्थांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. सामना संपल्यावर आम्ही त्यांना मुद्दाम भेटलो, मुलाची ओळख करून दिली. पुढच्या शुक्रवारी त्यांनी आम्हाला खाऊच्या स्टॉलवर मदतीला बोलावलं. तेव्हापासून हॉटडॉग विकायची विद्या आमच्या पदरी जमा आहे.

त्या माणसाचं म्हणणं खोडून काढायला आमच्याकडे आकडे होते, पण आकड्यांनी काम झालं नसतं. प्रश्न असा आहे की शाळेचा पट वाढवण्यापुरते आपण तिथे आहोत, की शाळेचे म्हणून आहोत? मुलाला फुटबॉलमध्येच घाला असं आम्ही मुळीच म्हणत नाही. डोक्याला मार बसायची भीती आम्हालाही आहे. पण क्रॉस कंट्री आहे, पोहणं आहे, कुस्ती आहे. आणि कुस्तीची भीती मराठी माणसाने तरी बाळगू नये! मूल कशातच नको म्हणालं तर बूस्टर क्लबला आई-बाबांचे दोन हातही चालतात.

आमच्या मुलीची गोष्ट सांगतो. नववीत ती शाळेच्या टेनिस संघात आली. दुहेरीत तिची जोडी छान जमली होती. त्याच वर्षी हद्दी बदलल्या आणि जोडीदारीण दुसऱ्या शाळेत गेली. पुढच्या वर्षी दोघी जाळ्याच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. सामना संपल्यावर जाळ्यापाशी गळ्यात पडून रडल्या, मग एकाच गाडीतून आइस्क्रीम खायला गेल्या. हद्दींच्या त्या सुनावणीला शंभर खुर्च्या मांडल्या होत्या आणि आपल्या लोकांची डोकी मोजायला एका हाताची बोटं पुरली. बोलायला तर आपल्यातलं कुणीच उठलं नाही. त्याच आठवड्यात घरोघरी फोनवर मात्र त्या नकाशावर तासतासभर चर्चा झाली होती!

मग शाळा कुठे बसावी?

आमच्या मते चार प्रश्न विचारावेत. सामान्य मुलाला खेळायला, वाजवायला, रंगमंचावर उभं राहायला जागा मिळते का? आठवड्याच्या मधल्या दिवशी मूल रात्री वेळेवर घरी येतं का? सामना रंगतो का, म्हणजे दर वेळी एकच बाजू चिरडली जात नाही ना? आणि जुनी शेजारपाजारची चुरस टिकते का? कारण ज्या शाळेशी आपली चुरस असते, त्याच शाळेतली मुलं पुढे कॉलेजात आपल्या मुलांची रूममेट होतात. ट्रॉफी किती आल्या, हा प्रश्न आम्ही पाचवा ठेवू.

थोडं व्यवहाराचंही सांगून ठेवतो, कारण याबद्दल आम्हाला नेहमी विचारणा होते. चांगला संघ बघून घर किंवा शाळा बदलण्याचा विचार असेल तर सावधान. खेळासाठी शाळा बदलली असं ठरलं तर मुलाला निदान एक वर्ष व्हर्सिटी संघात खेळता येत नाही. भारतातून मधेच आलेल्या मुलांच्या बाबतीत वय बघा. १ सप्टेंबरला १९ वर्षं पूर्ण झालेली असतील तर सहसा खेळता येत नाही, आणि नववीत पाऊल टाकल्यापासून चारच वर्षं मिळतात. आणि १९८४ सालापासून टेक्ससमध्ये 'नो पास, नो प्ले' हा कायदा आहे. विषयात ७० पेक्षा कमी मार्क पडले तर खेळ बंद. तेव्हा खेळामुळे अभ्यास बुडेल ही आपली लाडकी काळजी इथल्या सरकारने आधीच कायद्यात घालून ठेवली आहे!

राहता राहिलं आपलं काम. तुमच्या शाळेचा पट किती आणि वर्गाच्या रेषेपासून ती किती मुलं दूर आहे, हे शाळेत विचारून घ्या. हद्दींची किंवा नव्या शाळेची सुनावणी असेल त्या संध्याकाळी मंडळाची मीटिंग ठेवू नका. तिकडेच जा, आणि तीन मिनिटं मिळतात त्यात नीट तयारी करून बोला. भाषणात आपण कमी नाही, गणपतीत माइक हातातून सुटत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. आणि शुक्रवारी रात्री एकदा तरी मुलांच्या स्टेडियमवर जाऊन बसा, आपलं मूल मैदानात नसलं तरी.

कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, मिशिगनकडच्या वाचकांकडे याच्या वेगळ्या कथा असतीलच. तुमच्याकडे गट कोण पाडतं, प्रवास किती होतो, हद्दी बदलल्या तेव्हा तुमच्या मुलांचं काय झालं, हे जरूर लिहून पाठवा. संपादकांनी परवानगी दिली तर पुढच्या एखाद्या अंकात सगळ्यांचे अनुभव एकत्र मांडू.